कार्ड त्याच दिवशी चालू झालं

"हे कार्ड घेतलं त तिकडं हाटेलात भाकर भेटते का नाई, तेवढंच सांग पोरी. बाकीचं मले नको समजावू."

देवरावकाका काउंटरपलीकडे उभे होते. त्यांनी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड असं सगळं बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून, वरून सुतळी बांधून आणलं होतं. मी त्यांच्यासमोर तीन कार्डांची माहितीपत्रकं पसरली होती. ते एकाकडेही बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी रिसोडला एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काम करते. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचं ऑफिस आहे. विमानाची तिकिटं काढणं, पासपोर्टचे अर्ज भरणं, आणि नागपूरच्या एका कंपनीची परदेशी चलनाची एजन्सी, अशी आमची कामं. इथून लोक परदेशी जातात हे मला आधी खरंच वाटायचं नाही. पण जातात. कुणाचा मुलगा डॉक्टरकी शिकायला जातो, कुणी आखातात कामाला जातो, कुणी बौद्ध मंडळी एकत्र मिळून श्रीलंकेला जाऊन येतात. त्यांना तिकडे खर्चायला जे कार्ड लागतं, ते देण्याचं काम माझ्याकडे आहे.

मी नववीत शाळा सोडली. माझं गाव कोकणात, गुहागरच्या बाजूला. नवरा रस्त्याच्या कामावर मशीन चालवायचा, त्याच्याबरोबर इकडे आले. रस्ता पुढे सरकला, नवरा त्याच्यामागे दुसऱ्या राज्यात गेला. मी मुलीला घेऊन इथेच थांबले, कारण गजाननभाऊंनी मला कामावर ठेवलं होतं. गजाननभाऊ म्हणजे ऑफिसचे मालक. मार्कशीट मागितली नाही, एक कागद वाचायला दिला, अडखळत का होईना वाचला, तर म्हणाले, "उद्यापासून ये." हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून कामात चूक होईल याची मला सतत धास्ती असते. कुलूप लावून निघाले तरी चौकातून परत येऊन ओढून बघते. गजाननभाऊ हसतात. "कोकणातले लोक समुद्राले भेत नाहीत अन् तू कुलपाले भेते."

तर देवरावकाका. रिठदचे. घरची शेती. बायको वारलेली, एकुलती एक लेक वर्षा. तिचा नवरा शारजात एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. वर्षाला रक्ताचा आजार निघाला. जावयाच्या कंपनीच्या विम्यात उपचार तिकडेच होत होते, आणि डॉक्टर तिला विमानात बसू देत नव्हते. म्हणून बाप निघाला होता.

मी म्हटलं, "काका, तुम्ही लेकीकडेच राहणार ना? मग हॉटेलचं कशाला विचारता?"

बाजूच्या टेबलावरून गजाननभाऊंनी मला डोळ्यानं खुणावलं. मला कळलं नाही. काकांनीच सांगितलं.

"लेकीले लेकरू झालं नाही, त बापानं तिच्या घरचं पाणीबी घेऊ नाही. आमच्यात असं हाय."

ही पद्धत मी ऐकून होते, पण पाळणारा माणूस प्रथमच बघत होते. वर्षा लग्नानंतर काही वर्षं वाशीमला राहायची. काका तिला भेटायला जायचे तेव्हा दस्तीत भाकर बांधून न्यायचे. तिच्या दारातल्या पायरीवर बसून स्वतःची भाकर खायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. ती आत उभी राहून बघायची. एकदा म्हणे तिनं रागानं स्वतःचं ताट आणून त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवलं आणि तिथेच जेवली. दोघं शेजारी बसून आपापलं जेवले.

"काका, आता ती आजारी आहे. आता तरी मोडा की."

"आताच मोडू?" ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "चांगली होती तवा पाळलं, अन् ते दवाखान्यात असताना मोडू? तिले काई झालं त कोणाच्या माथी?"

मी माहितीपत्रकं पुढे ओढली.

आता थोडं कामाचं सांगते, कारण लोक इथेच फसतात. प्रीपेड कार्ड म्हणजे पिंप. निघायच्या आधी आपण त्यात पैसे भरायचे आणि तिकडे जाऊन काढायचे. पिंपात असेल तेवढंच निघतं, उधारी नाही. भरताना कुठल्या देशाच्या चलनात भरतो ते महत्त्वाचं. माझ्याकडे तीन प्रकारची कार्डं होती. पहिलं नुसतं डॉलरचं, घ्यायला स्वस्त. पण शारजात दिरहम चालतात. डॉलरच्या कार्डानं तिथे चहा घेतला तरी यंत्र आधी डॉलरचे दिरहम करतं आणि प्रत्येक वेळी वर थोडं कापून घेतं. दुसऱ्यात अनेक देशांची चलनं भरता येतात, दिरहमही. तिसरं विद्यार्थ्यांचं, ते काकांना लागू नव्हतं. काही लोक आपलं इथलंच एटीएम कार्ड घेऊन जातात. ते परदेशी वापरासाठी चालू करून घेतलेलं नसलं तर पहिल्याच दुकानात तोंडावर पडतात.

मी दुसरं कार्ड सुचवलं. किराणा दुकानात, खानावळीत, बसच्या तिकिटाला, सगळीकडे चालेल. गरज पडली तर एटीएममधून रोखही काढता येईल, फक्त दर वेळी वेगळा आकार पडतो.

"म्हणजे जवायापुढं हात पसरायचं काम नाही?"

"नाही."

"पाण्याची बाटलीबी भेटते?"

"मिळते काका. तुम्हाला कुणाच्या घरचा पाण्याचा थेंबसुद्धा घ्यावा लागणार नाही."

हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोलले. गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय ते ओळखावं आणि तेच द्यावं, हे मला गजाननभाऊंनी शिकवलं होतं. मी तेच केलं.

मग पिन. काका म्हणाले, "वर्षाच्या जन्माचं साल ठेवतो." मी त्यांना थांबवलं. जन्मसाल कधी ठेवू नये, कुणीही ओळखतं. दुसरा आकडा ठेवा, मला सांगू नका, घरी पाठ करा. आमच्याकडे कार्ड ओढायचं एक बंद पडलेलं मशीन आहे, त्यावर मी त्यांच्याकडून सराव करून घेतला. बटणं दाबताना ते दुसऱ्या हातानं मशीन झाकायचे. गजाननभाऊ म्हणाले, "काकाजी, मशीन मेलेलं हाय, त्याच्यापासून कायले लपवता?"

"सवय पाह्यजे," काका म्हणाले.

वाटखर्चाला थोडे रोख दिरहम दिले. तीन वेळा पिन चुकला तर कार्ड लॉक होतं, तेव्हा दोनदा चुकलं की थांबा आणि मला फोन करा, असं दोनदा बजावलं. ते गेले.

सुरुवातीला अधूनमधून त्यांचा फोन यायचा. कार्ड चालत होतं. वर्षाच्या इमारतीखालीच एका केरळी माणसाची खानावळ होती. काका सकाळी तिथे उतरायचे, जेवायचे, पाण्याची बाटली घेऊन वर जायचे आणि दिवसभर लेकीजवळ बसायचे. रात्री तिच्याच घरात झोपायचे. झोपायला दोष नाही म्हणाले. "पोरी, तू चांगलं कार्ड देल्लं," असं प्रत्येक फोनला सांगायचे. मला बरं वाटायचं. माझं कुणी कौतुक केलं की मला दिवसभर पुरतं.

मग एका शुक्रवारी सकाळी फोन आला.

"पोरी, कार्ड बंद पडलं."

"काय झालं? पिन चुकला?"

"तीन खेप."

"अहो, मी दोनदा सांगितलं होतं ना!"

"सांगतलं होतं. रातभर जागा होतो. बोटं आपल्या मनानंच दाबत गेली."

"जवळ रोख आहे?"

"ते त आल्या आल्याच सरलं."

"मग जेवलात का?"

"आता तू चालू करशीन तवा."

जावई म्हणत होता की मी देतो पैसे, पण ते पैसेही लेकीच्याच घरचे. काका घेईनात. फोनच्या मागून बाईचा आवाज आला. वर्षाचा असणार. आवाज अगदी पातळ झाला होता, पण हसत होती. "बाबा, त्या ताईले म्हणा, आरामात करा. काई घाई नाही."

मला वाटलं, किती समजूतदार मुलगी आहे. स्वतः एवढी आजारी आणि माझ्यासारख्या कारकुनाला घाबरवत नाही. तिच्या त्या बोलण्यानं मी जास्तच जोरात कामाला लागले.

लॉक झालेलं कार्ड उघडायला ग्राहकानं स्वतः हेल्पलाइनला बोलावं लागतं. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर विचारतात. मग नागपूरचं ऑफिस ते तपासतं आणि नवा पिन बनवायची परवानगी देतं. याला दोन-तीन दिवस जातात. त्यात पुढे शनिवार-रविवार. नागपूरचे साहेब म्हणाले, "मॅडम, मंडे को हो जाएगा."

"सर, म्हातारा माणूस उपाशी बसलाय."

"फॅमिली के साथ है ना? घर में खा लेगा."

त्यांना कसं समजावणार? मी म्हटलं, "नहीं खा सकते, सर." कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलं नाही.

मी हेल्पलाइन लावली, काकांना त्याच फोनवर जोडलं. तिकडची मुलगी घाईघाईत हिंदी बोलायची, काका वऱ्हाडीत उत्तर द्यायचे, आणि मी मध्ये. "सर, डेट ऑफ बर्थ?" "आषाढातला जलम हाय माहा." "काका, पासपोर्टवरचं वाचा!" ते झालं. मग नागपूरला मेल, मेलनंतर फोन, फोननंतर पुन्हा फोन. साहेब जेवायला गेले तर त्यांच्या हाताखालच्याला. डबा तसाच राहिला. गजाननभाऊ म्हणाले, "काहून एवढी घाबरून राह्यली? सोमवारी व्हईन ना."

"माणूस उपाशी आहे भाऊ."

मग भाऊंनी स्वतः उठून नागपूरला ओळखीच्या माणसाला फोन लावला.

दुपारी काम झालं. काकांच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज गेला. मी फोन करून त्यांना नवा पिन कसा टाकायचा ते सांगितलं. ते "बरं, बरं" एवढंच म्हणाले. नेहमीचं 'चांगलं केलं पोरी' म्हणाले नाहीत. मला वाटलं, उपाशी आहेत, दमलेत. मी डबा उघडला. सगळं निवलेलं होतं, तरी मला ते फार चवदार लागलं.

पुढच्या महिन्यात अकोल्याला सगळ्या एजंटांची मीटिंग होती. तिथे नागपूरच्या साहेबांनी मला उभं केलं आणि सांगितलं की रिसोडच्या या मॅडमनी लॉक झालेलं कार्ड त्याच दिवशी चालू करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे बहुतेक सगळे पदवीवाले. मी नववी. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आनंदानं. कोकणात बाबांना फोन केला. त्यांना नीट कळलं नाही, पण "बरं झालं गो" म्हणाले.

तोवर शारजाची काही बातमी इकडे आलेली नव्हती. काकांचा व्हिसा संपायच्या आत वर्षा गेली. जावई आणि काका तिला घेऊन आले. तिच्या सासरी वाशीमजवळ सगळं झालं. गजाननभाऊ जाऊन आले. मला जाववलं नाही.

दिवस-वार उरकल्यावर काका ऑफिसात आले. कार्डात पैसे उरले होते. उरलेले पैसे परत मिळतात, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कार्ड घेऊन यायचं, सही करायची, त्या दिवसाच्या भावानं रुपये खात्यात जमा होतात, आणि कार्ड ग्राहकासमोर कापून टाकायचं. मी अर्ज भरला. त्यांनी सही केली. मी कात्री हातात घेतली तरी कापवेना.

"काप," ते म्हणाले.

मी कापलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काका, कार्डाचा त्रास नाही ना झाला फार? तेवढा एक दिवसच."

ते खुर्चीवर बसले. टेबलावरचे दोन तुकडे बोटानं जवळ ओढले.

"तुले सांगतो. त्या दिशी पिन म्हून मी तिच्या जन्माचं साल दाबलं. तीन्ही खेप तेच. तू नको म्हणलं होतं, पण बोटाले तेच ठाव. कार्ड बंद झालं तशी वर्षा काय म्हणे? म्हणे, बाबा, आता तुमच्याजवळ पैसा नाही, इथं तुमचं कोणी नाही, आता काय करता? उपाशी बाप लेकीच्या घरात बसला त ते पाप नाही का? मी म्हणलं, नाइलाज हाय. ते म्हणे, नाइलाजाले दोष नाही, बाबा. तुमीच सांगत होते ना."

मी कात्री खाली ठेवली.

"मले पटलं. खरंच पटलं पोरी. मी म्हणलं, टाक भाकर. तिले उभं राह्यता येत नव्हतं. जवायानं ओट्यापाशी खुर्ची ठेवली. बसून केली तिनं. ज्वारीचं पीठ तिकडं भेटते. बेसनाचं चून केलं. लय वेळ लागला तिले. एक भाकर मोडली, दुसरी केली. ताट वाढलं. मी हात धुतले. अन् मोबाईल वाजला."

बाहेर स्टँडवर कंडक्टर मालेगाव, मालेगाव ओरडत होता.

"जवायानं वाचला. म्हणे, मामा, कार्ड चालू झालं. मंग नाइलाज कुठं राह्यला? मी तिच्याकडं पाह्यलं. ते म्हणे, जा बाबा. ताटावर ताट झाकलं. मी पायतान घातलं अन् खाली गेलो."

"काका…"

"तुवं काई चुकलं नाही. तू त माह्यासाठी उपाशी राह्यली, गजाननभाऊनं सांगतलं मले. तू केलं ते बरोबरच केलं. अर्धा घंटा उशिरा केलं असतं त मी जेवलो असतो, एवढंच."

हे त्यांनी चिडून सांगितलं नाही. उशिरा केलं असतं तर गाडी चुकली असती, अशा सुरात सांगितलं. म्हणून जास्त लागलं. तिचं 'आरामात करा' मला तेव्हा कुठे समजलं. ती धीर देत नव्हती, मागत होती.

त्यानंतर तिला परत दवाखान्यात न्यावं लागलं. ती ओट्यापाशी पुन्हा बसली नाही.

दुपार झाली होती. मी काय करावं ते न सुचून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. कुळीथ मला गावाहून बाबा पाठवतात. मी विचारायचं म्हणून विचारलं, "जेवता काका?" नाही म्हणतील हे धरूनच विचारलं होतं.

त्यांनी हात पुढे केला.

"आता कोठंबी जेवतो," ते म्हणाले. "जिच्यासाठी पाळत होतो, तेच राह्यली नाही."

अर्धी भाकरी खाल्ली. पिठीला म्हणाले, "हे तुमचं चूनच हाय." पाणी प्याले, माझ्याच बाटलीतलं. दस्तीनं तोंड पुसलं आणि रिठदच्या जीपकडे गेले.

मी कार्डाचे तुकडे नियमाप्रमाणे पाकिटात घालून नागपूरला पाठवले.

अजून मी हेच काम करते. कार्ड लॉक झाल्याचे फोन अजून येतात, आणि ते त्याच दिवशी कसं उघडायचं ते मला आता फार चांगलं येतं. गजाननभाऊ नव्या मुलींना सांगतात, तक्रार आली की लगेच उचला, गिऱ्हाईक अडून राहता कामा नये. ते बरोबर आहे. मीही तसंच करते. फक्त नागपूरला फोन लावण्याआधी मी गिऱ्हाईकाला एक प्रश्न विचारते, जो आमच्या फॉर्मवर नाही: तुम्ही आत्ता कुणाच्या घरी आहात, आणि तिथे चुलीवर काही आहे का? काही असेल, तर मी आधी माझा डबा खाऊन घेते.